अनुभव धागा: घरची मोठी माणसं, मोठी गाडी आणि द्राक्षांचा मुलूख

धागा काढायचं कारण आमच्या सासूबाई. वय ७८, दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशन्स झालेली, आणि गेली चार वर्षं कुठं चला म्हटलं की "तुम्ही जाऊन या, मी घर सांभाळते" हे ठरलेलं उत्तर. आमच्या जुन्या गाडीत त्यांना बसवायचं म्हणजे आधी पाठमोरं टेकवायचं, मग एकेक पाय हाताने धरून आत घ्यायचा, उतरताना तेच उलटं, त्यामुळे दवाखाना सोडून त्या कुठं जातच नव्हत्या. गेल्या वर्षी दिरांनी व्होल्वो एक्ससी९० घेतली. पहिल्या दिवशी सासूबाई सीटवर सरळ बसल्या, ना चढावं लागलं ना खाली रुतावं लागलं, आणि स्वतःच म्हणाल्या की ह्या गाडीतून मी संगमनेरपर्यंत येईन. संगमनेर त्यांचं माहेर. मग जाऊबाई आणि मी पटकन ठरवलं की संगमनेरला थांबू आणि तसंच पुढं नाशिकला जाऊ, वायनरी बघू.

जानेवारीचा शेवटचा आठवडा, सात माणसं सात सीटा. चाकणचा ट्रॅफिक नको म्हणून पहाटे साडेपाचला निघालो, नारायणगावला चहा. ऐंशीच्या दशकात इथंच शामराव चौगुल्यांनी फ्रेंच पद्धतीची फेसाळती वाइन करायला घेतली होती, हे दीर सांगत होते. चंदनापुरी घाटात मागच्या रांगेतल्या धाकट्याला उलटी झाली. गाडी कितीही महाग असो, तिसऱ्या रांगेत मुलं घाटात बसवू नका, हा माझा पहिला अनुभव लिहून ठेवा.

खरी गंमत गंगापूर धरणाकडं. सासूबाई माळकरी, त्यांनी आधीच सांगितलेलं की मी आत येणार नाही, बाहेर बसून बाग बघीन. सुला वायनरीच्या गॅलरीत बसलो, समोर वेलींच्या ओळी आणि मागं धरणाचं पाणी. दिरांनी सांगितलं की ज्यांनी हे सुरू केलं ते राजीव सामंत अमेरिकेतली नोकरी सोडून आले आणि आईच्या सुलभा ह्या नावावरून नाव ठेवलं. सासूबाई म्हणाल्या, "आईचं नाव ठेवलंय होय, बरं केलं पोरानं." मग बाग दाखवणाऱ्या मुलाने त्यांच्या हातावर चार मणी ठेवले, काळे, बारीक, जाड सालीचे. त्यांनी एक तोंडात टाकला, बिया तळहातावर काढल्या आणि बराच वेळ बघत राहिल्या. म्हणाल्या, आमच्या लहानपणी भोकरी द्राक्षं यायची, त्याला अशाच बिया असायच्या, तुम्हा लोकांना बिनबियांची माहीत. मला हे खरंच माहीत नव्हतं. लग्नाला १९ वर्षं झाली, त्यांच्या वडिलांच्या मळ्यात द्राक्षं होती हेही त्या दिवशी कळलं! परत येताना पूर्ण रस्ताभर त्या बोलत होत्या, मळा, विहीर, मोट, सगळं.

म्हणून विचारावंसं वाटतं की तुमच्यापैकी कोण कोण घरच्यांना घेऊन असं द्राक्षांच्या भागात गेलंय, नाशिक असो नाहीतर परदेश? कुठली वाइन कशी लागली हे कमी लिहा, माणसांचं आणि रस्त्याचं जास्त लिहा.

श्टुटगार्टकर

आमचं मोझेल, जर्मनीतलं. आई-बाबा सप्टेंबरात आले होते, मला कंपनीची गाडी मिळते, मर्सिडीज ई-क्लास इस्टेट, श्टुटगार्टात राहून हे सुख आहे. साधारण तीन तास लागतात. ऑटोबानवर, म्हणजे इथल्या हायवेवर, बाबांनी पहिला तासभर काट्यावरून नजर हलवली नाही, १६० झाले की "बास" म्हणायचे आणि मी खरंच बास करायचो.

मोझेल नदी सापासारखी वळणं घेत जाते आणि दोन्ही बाजूला डोंगरावर उभ्या वेली. उभ्या म्हणजे किती, तर ब्रेम गावाजवळ काल्मोंट म्हणून एक कडा आहे तिथं उतार ६५ अंशांपर्यंत जातो, तिथं ट्रॅक्टर चालणं शक्यच नाही, एक बारीक रूळ टाकलेला असतो आणि त्याच्यावरून छोटं इंजिन माणसाला आणि क्रेटला वर ओढून नेतं. बाबा पीडब्ल्यूडीतून रिटायर झालेत, त्यांना वाइनमध्ये काडीचा रस नाही, पण त्या रुळापाशी अर्धा तास उभे होते. जमीन सगळी स्लेटची, म्हणजे आपल्या शाळेच्या पाटीचा दगड, त्याचे तुकडे नुसते पसरलेले. दिवसभर तो दगड तापतो आणि रात्री वेलीला ऊब देतो म्हणून इतक्या थंडीत रीझलिंग हे पांढऱ्या वाइनचं द्राक्ष पिकतं. आईने एक तुकडा उचलून त्याच्यावर दुसऱ्या तुकड्याने श्री काढला. तो आता आमच्या देवघरात आहे.

सप्टेंबर-ऑक्टोबरात तिथं फेडरवायसर मिळते, अजून आंबत असलेली नवी वाइन, गोडसर, गढूळ, आणि तिच्याबरोबर कांद्याचा केक. केक म्हणजे गोड नाही, कांदा घालून केलेली जाड भाकरीसारखी खारी वस्तू. शाकाहारी माणसांनी आधी विचारा, त्याच्यात बऱ्याचदा डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे असतात. आम्हाला एका बाईंनी बिनमांसाचा काढून दिला आणि आईने दोनदा घेतला, म्हणाली लासलगावच्या कांद्याचा केला तर आणखी छान होईल.

आता चूक सांगतो. फेडरवायसरची बाटली पक्की बंद करत नाहीत, आत गॅस तयार होत असतो म्हणून झाकण सैल असतं, ती उभीच न्यायची असते. मी मागं आडवी ठेवली. बर्नकास्टेलहून निघालो आणि अर्ध्या तासात सगळ्या गाडीत यीस्टचा वास, कार्पेट ओलं, कंपनीची गाडी, मला घाम फुटला. आईने पिशवीतून जुनं धोतराचं फडकं काढलं (ती परदेशातही फडकी घेऊन येते) आणि रस्त्याकडेला थांबून सगळं टिपून काढलं. वास मात्र तीन आठवडे राहिला. आणि इथं गाडी चालवताना रक्तातल्या दारूची मर्यादा ०.५ प्रोमिल (हजारात अर्धा भाग) आहे, मी थेंबही घेतला नव्हता, पण गाडीला तो वास असताना पोलिसांनी थांबवलं असतं तर, ह्या विचाराने घरी येईपर्यंत माझी पाठ ताठ होती.

गिरणारे रोड

मी पाव्हणा नाही, मी बागवाला. चार एकर वाइनची द्राक्षं आहेत, बाकी थॉमसन, म्हणजे खायची बिनबियांची. तुम्ही लोक येता ते बघून बरं वाटतं, खरंच, माझी आजी पण भोकरीचं नाव घ्यायची, वरचं वाचून तिची आठवण झाली.

काही गोष्टी सांगतो, रागावून नाही. जानेवारी ते मार्च आमचा तोडा चालतो आणि वाइनचा माल पहाटे तोडायचा असतो, ऊन चढायच्या आत क्रेट वायनरीत पोचले पाहिजेत, मणी तापला तर माल खराब. त्यावेळी बांधाच्या रस्त्यावर कुणीतरी मोठी गाडी आडवी लावून फोटो काढत असतं. त्यांना वाटतं दोन मिनिटं. आमचा टेम्पो मागं उभा असतो. गाडी कडेला घ्या, बोला आमच्याशी, आम्ही स्वतः घड तोडून देतो खायला. पण न विचारता तोडू नका, फवारणी झालेली असू शकते, लहान पोरं तसंच तोंडात घालतात.

दुसरं, गाडी खाली बसणारी असेल तर बागेच्या रस्त्यावर घालू नका. मागच्या वर्षी एक भारीतली सेडान आमच्या पाटात टेकली, माझ्या ट्रॅक्टरनं ओढली. आतल्या मावशी इतक्या घाबरल्या होत्या, त्यांना घरी नेलं, बायकोनं चहा केला, मग त्या दोन तास निघेचनात. आता दर संक्रांतीला फोन करतात.

लोक विचारतात वाइनची द्राक्षं परवडतात का. खायच्या द्राक्षाला मणी फुगवायला किती बुडवण्या (घड औषधाच्या पाण्यात बुडवायचे), किती विरळणी (जास्तीचे मणी काढायचे), तेवढा खर्च इथं नाही, भाव आधी ठरलेला. पण साखर २२-२३ ब्रिक्सपर्यंत (म्हणजे रसात साधारण २२-२३ टक्के) यायला हवी आणि तेवढ्यात अवकाळी आला की गेलं. पाऊस खायचं द्राक्ष आणि वाइनचं द्राक्ष असा फरक करत नाही.

कोथरूडवाली

कियांती, इटली. फार लिहीत नाही. फ्लोरेन्सहून सिएनाला जो २२२ नंबरचा रस्ता जातो तो घ्या, ग्रेव्हे, पान्झानो, कास्तेल्लिना अशी गावं लागतात. १७१६ सालीच तिथल्या ड्यूकने हुकूम काढून कियांतीच्या सीमा ठरवल्या होत्या, एवढी जुनी शिस्त. बाटलीवर काळा कोंबडा.

पण नवऱ्याने हौसेने बीएमडब्ल्यू एक्स५ भाड्याने घेतली आणि ते चुकलं. गावातल्या गल्ल्या दगडी, आरसे मिटून जायचं, माझ्या मावशी मागून दर वळणाला "अथर्वशीर्ष म्हणू का" विचारायच्या आणि म्हणायच्याच. वायनरीकडं जाणारे पांढरे खडीचे रस्ते असतात, तिथं मात्र हीच गाडी छान वाटली. मुख्य म्हणजे झेडटीएल. जुन्या शहरांच्या मधल्या भागात बाहेरच्या गाड्यांना बंदी असते, कॅमेरा फोटो काढतो, तेव्हा कळतही नाही आणि चार महिन्यांनी पुण्यात दंड येतो, वर गाडीवाल्यांची वेगळी फी. आमचे दोन आले. हॉटेल गावाबाहेर घ्या, गाडी तिथंच सोडा.

पिंपळगावची लेक (सध्या बे एरिया)

बराच वेळ विचार करत होते लिहू का. माझे आप्पा पिंपळगाव बसवंतचे, ४० वर्षं द्राक्षबाग. अमेरिकेला या म्हटलं की त्यांचं कॅलेंडर आधी बघावं लागतं. एप्रिलमध्ये खरड छाटणी, मग काडी (वेलीची नवी फांदी) तयार होईपर्यंत हलायचं नाही, ऑक्टोबरमध्ये फळासाठीची गोडी छाटणी, मग तोडा होईपर्यंत तर नावच नको. मोकळे कधी, तर जुलै-ऑगस्ट. शेवटी दोन वर्षांपूर्वी आले, सप्टेंबरच्या दहा तारखेपर्यंत, एक दिवस वर नाही.

ट्रॅक्टरनं त्यांची कंबर गेलेली आहे. आमच्या छोट्या गाडीत तासभर बसले की उतरताना चेहरा बदलायचा, बोलायचे नाहीत. म्हणून नापासाठी, म्हणजे इथल्या द्राक्षांच्या खोऱ्यासाठी, दोन दिवस मर्सिडीजची मोठी जीएलएस भाड्याने घेतली, पैसे ऐकून मला अजून कसंतरी होतं पण ते राहू दे. आप्पा पुढं बसले आणि आधी चपला काढून पायाशी ठेवल्या, खाली गालिचा आहे म्हणून. किती सांगितलं तरी घातल्या नाहीत. सीट मागं घेऊन कंबरेला फुगवटा दिला आणि दहा मिनिटांनी बघते तर झोपलेले. आई मागून हळूच म्हणाली, राहू दे, गाणी लावू नको.

सिल्व्हराडो ट्रेल ह्या रस्त्याला लागलो आणि जागे झाले. नापा खोरं काही फार मोठं नाही, लांबी पन्नासेक किलोमीटर, पण रस्त्याच्या दोन्ही बाजूला नुसत्या बागा. आप्पा म्हणाले थांबव. मी म्हटलं पुढं बुकिंग आहे. म्हणाले, "थांबव गं." थांबवली. खाली उतरून ओळीच्या तोंडाशी उकिडवे बसले, कंबर विसरून. पहिल्यांदा जमिनीवर पडलेले घड दिसले, चांगले, हिरवे, रंग न धरलेले. "हे का पाडलेत?" मी फोनवर शोधून सांगितलं की राहिलेल्या घडांना जोर मिळावा म्हणून पाडतात. "म्हणजे आपली विरळणीच की, पण आपण मणी काढतो, हे लोक घडच काढतात. छातीय यांची."

मग खोडाला हात लावला. जमिनीच्या थोडं वर जी गाठ असते ना कलमाची, ती चाचपली आणि हसले. आमच्याकडं सगळी बाग डॉगरिज ह्या जंगली वेलीच्या मुळांवर कलम केलेली आहे, आप्पांना वाटायचं हे काहीतरी नाशिकचंच. मी सांगितलं की डॉगरिज मूळ टेक्सासचं, तुमच्या बागेची मुळं अमेरिकेची आहेत. आणि फ्रान्समध्ये शंभर-दीडशे वर्षांपूर्वी मुळातल्या किडीनं बागाच्या बागा मेल्या तेव्हा अमेरिकन जंगली वेलींच्या मुळांवर कलमं करूनच त्या परत उभ्या राहिल्या. आप्पा बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "पाटीभर माती न आणता वेल एवढ्या लांब आली."

पुढं वायनरीतल्या बाईंनी १९७६ ची गोष्ट सांगितली, पॅरिसमध्ये डोळे बांधल्यासारखी, म्हणजे लेबलं झाकून चव घेतली आणि फ्रेंच परीक्षकांनी नापाच्या वाइन्सना पहिला नंबर दिला, पांढऱ्यात शातो माँटेलेना आणि तांबड्यात स्टॅग्ज लीप. सगळे कौतुकाने ऐकत होते. आप्पांनी मला मराठीत विचारलं, "हिला विचार, डाऊनी किती येतो?" डाऊनी म्हणजे पावसात वेलीवर येणारा बुरशीचा रोग. मी विचारलं. ती म्हणाली इथं उन्हाळाभर पाऊसच पडत नाही, त्यामुळे डाऊनी जवळजवळ नाहीच, भुरीसाठी (ही दुसरी, पांढरी बुरशी) गंधक मारतो तेवढंच. मी भाषांतर केलं. आप्पा खिडकीबाहेर बघायला लागले. २०१४ च्या गारपिटीत आमची तोडणीला आलेली पूर्ण बाग झोपली होती, मी तेव्हा कॉलेजला होते, आप्पांनी मला फोनवर सांगितलं नव्हतं, फी वेळेवर भरली होती. नापातल्या त्या खिडकीशी ते मला पहिल्यांदा म्हणाले की त्या वर्षी गोठ्यातल्या दोन म्हशी विकल्या. दहा वर्षं मला वाटत होतं म्हशी म्हाताऱ्या झाल्या म्हणून गेल्या.

वाइन त्यांनी घेतली नाही, मी चालवणार म्हणून मीही नाही, आईने मात्र एक घोट घेतला आणि म्हणाली आंबट आहे.

माळशिरस तालुका

आमच्याकडं कुणी येत नाही म्हणून लिहितो! अकलूजजवळ मोटेवाडीला फ्रातेल्ली ह्या वाइन कंपनीच्या बागा आहेत, मोहिते-पाटलांच्या घरातले भाऊ आणि इटलीतले भाऊ एकत्र आले म्हणून नाव फ्रातेल्ली, म्हणजे भाऊ. वरच्या ताईंचा तो कियांतीचा भाग म्हणजे तस्कनी, तिथलेच पिएरो मासी इथं येऊन वाइन करायला लागले. सोलापूर जिल्हा म्हटलं की लोकांना दुष्काळ आठवतो, इथं सांजिओवेजे हे तिथलं वाइनचं द्राक्ष पिकतंय.

मामा-मामी पुण्याहून त्यांच्या मुलाच्या ऑडीतून पंढरपूरला निघाले होते, त्यांना वाटेत वळवलं. मामी आधी नाराज, दर्शनाला जाताना हे कशाला. मग दर्शन आधी आणि बाग परतीला, असं ठरलं. पालखी मार्ग रुंद झाल्यापासून मोठ्या गाड्यांची चैन आहे. अकलूजला तुकोबांच्या पालखीचं रिंगण होतं ते मैदान मामींना दाखवलं, तिथं त्यांनी गाडीतून उतरून माती कपाळाला लावली. संध्याकाळी बागेत गार वारा, मामा इटालियन नावं वाचायचा प्रयत्न करत होते, मामी बुक्का लावलेल्या कपाळाने शेजारी. तो फोटो आमच्या घरात लावलाय.

स्टेअरिंगवरून

मी ड्रायव्हर आहे, मुंबई. धागा वाचला, मला पण सांगायचंय.

नाशिकला महिन्यातून तीनदा तरी जातो. समृद्धीनं इगतपुरीचा आठ किलोमीटरचा बोगदा झाल्यापासून कसारा घाटाचा त्रास गेला, पण सरळ रस्त्यावर डोळा लागतो, म्हणून मी निघायच्या आधी झोप पूर्ण करतो आणि टायरची हवा थंड असतानाच बघतो. मोठी गाडी १२० ला चालतेय हे आत बसून कळत नाही, तीच भीती.

वायनरीत लोक आत जातात तीन तास. आम्ही पार्किंगला. काही ठिकाणी सावली नाही, काही ठिकाणी पाणी विचारतात. एक फॅमिली आठवते, सांजेगावकडं नेलेलं. आजोबा पुढं माझ्या शेजारी बसायचे, रस्ताभर माझ्या गावाची चौकशी, खेडच्या नदीपासून शाळेपर्यंत. जेवायच्या वेळी मुलगा म्हणाला ड्रायव्हरचं पार्सल पाठवतो, आजोबा उठले आणि स्वतः पार्किंगला आले, "चल, माझ्या शेजारी खुर्ची ठेवलीय." मी गेलो. कुणी वाइन विचारली नाही मला, ते पण बरं वाटलं, कारण कधीकधी लोक प्रेमानं आग्रह करतात, एक ग्लासनं काय होतंय. आपल्याकडं रक्तात १०० मिलीला ३० मिलिग्रॅमच्या वर गेलं की केस, दहा हजार दंड नाहीतर जेल, लायसन माझं जातं. माझं पोट त्या लायसनवर आहे.

आजोबा मागच्या पावसाळ्यात गेले. मुलानं मला फोन केला होता, मी गेलो होतो.

धागाकर्ती

स्टेअरिंगवरून, तुमचं सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या आजोबांची माणसाची पारख चांगली होती. पिंपळगावच्या ताई, आप्पा पुढं काय म्हणाले नापाबद्दल? परत येणार का?

पिंपळगावची लेक

परत येणार नाहीत म्हणतात, कंबर. इथल्या शेतकी दुकानातून त्यांनी लाल दांड्याची छाटणीची कात्री घेतली, दुसरं काही घेतलं नाही. वेलीची काडी न्यायची खूप इच्छा होती, पण ते चालत नाही, रोग जातात बरोबर, हे त्यांना समजावायला लागलं नाही, स्वतःच म्हणाले नको. ऑक्टोबरला व्हिडिओ कॉल आला, पहाटेची वेळ, पहिली काडी त्या कात्रीनं कापून दाखवली, कापलेल्या जागी पाणी यायला लागलेलं तेही कॅमेऱ्याजवळ धरून दाखवलं. मी काहीतरी बोलायला लागले तर म्हणाले, ठेवतो आता, छाटणीची टोळी आलीय.